बोटीतील तारेची वाट

घरातील विजेची तार एकदा भिंतीत गेली की आपण तिला विसरून जातो. बटण दाबले, दिवा लागला, एवढाच आपला तिच्याशी संबंध. कधी काही बिघडलेच तर वायरमन येतो, भिंतीकडे पाहून मान हलवतो आणि नवी तार भिंतीवरून टाकून मोकळा होतो. घर जागचे हलत नाही, त्याच्या पायाशी खारे पाणी नसते, आणि प्रसंग आलाच तर माणूस दार उघडून अंगणात येऊ शकतो. समुद्रावर चालणाऱ्या मोटर यॉटमध्ये यांपैकी एकही सोय नाही. तेथे तार कोणती घ्यावी या प्रश्नाइतकाच ती कोठून न्यावी हा प्रश्न महत्त्वाचा असतो. किंबहुना काकणभर अधिकच. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मला या प्रश्नाचा थोडा जवळून परिचय झाला. तो वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे मामा मूळचे बेळगावचे, पण गेली कित्येक वर्षे गोव्यात झुआरी नदीच्या काठी बोटींच्या विजेची कामे करतात. पावसाळ्यात समुद्र खवळतो, म्हणून पर्यटकांना फिरवणाऱ्या पुष्कळशा नौका त्याआधीच पाण्याबाहेर काढून यार्डात ठेवतात, आणि वर्षभराची दुरुस्ती त्या काळात उरकून घेतात. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपताच मी चोर्ला घाट उतरून मामांकडे गेलो आणि तीन आठवडे त्यांच्या हाताखाली काम केले. बोट होती सुमारे चाळीस फूट लांबीची, फायबरची. दोन डिझेल इंजिने, खाली झोपण्याच्या दोन केबिन, मध्ये बैठकीची खोली, तिला लागून स्वयंपाकाचा ओटा, आणि वर सुकाणूची जागा. काम तीन प्रकारचे होते : तळातील पाणी उपसण्याच्या पंपासाठी नवी तार, नाळेवरच्या दिव्यांसाठी नवी तार, आणि सुकाणूजवळच्या जीपीएस व रेडिओसाठी नवी तार. ऐकायला हे काम दोन दिवसांचे वाटते. आठवडा तर केवळ वाट शोधण्यात गेला.

याचे कारण असे की बोटीच्या आत मोकळी भिंत नसते. बाहेरचे फायबरचे कवच वाकडे, आणि आतली केबिन सरळ. या दोहोंच्या मधल्या बेचक्यात पाण्याच्या नळ्या, डिझेलच्या नळ्या, टाक्या, कपाटे आणि तारा दाटीवाटीने बसवलेल्या असतात. वरून पॉलिश केलेली लाकडी तक्तपोशी, छताला कापडी अस्तर. बोट बांधणाऱ्याने तारा आधी टाकल्या आणि तक्तपोशी नंतर ठोकली. आपण मात्र तक्तपोशी जागेवर असताना तार टाकायची असते. मामांनी पहिले दोन दिवस एकही तार हातात घेतली नाही. स्क्रू दिसेल तेथे फळी उघडायची, बॅटरीच्या उजेडात आत पाहायचे, आणि वहीत रेघ ओढायची, एवढेच काम. मी कंटाळलेला पाहून ते म्हणाले, "अरे, तार ओढायला अक्कल लागत नाही, जोर लागतो. अक्कल लागते ती आत्ता."

आता थोडे शास्त्र पाहू. बोटीतील बहुतेक उपकरणे बॅटरीवर, म्हणजे १२ किंवा २४ व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर चालतात. दाब कमी असला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह जास्त लागतो, हे आपण अकरावीतच शिकतो. १२० वॅटचा पंप घरातल्या २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरवर चालेल. १२ व्होल्टवर त्याला १० अँपिअर लागतात. बॅटरीपासून पंप १० मीटर दूर आहे असे धरा. प्रवाह जाऊन परत यायचा, म्हणून तारेची लांबी २० मीटर. ही तार आपल्या घरात प्लगला वापरतात तशी २.५ चौरस मिलिमीटर जाडीची घेतली, तर तिचा रोध सुमारे ०.१४ ओहम भरतो. १० अँपिअर गुणिले ०.१४, म्हणजे १.४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडले. १२ व्होल्टमधून १.४ गेले म्हणजे जवळजवळ १२ टक्के. घरी याच तारेतून तोच पंप चालवला असता तर २३० व्होल्टमधून ०.०७ व्होल्टच गेले असते; ते कोणाच्या लक्षातही आले नसते.

अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल ही संस्था १९५४ पासून छोट्या नौकांची मानके ठरवते. तिच्या मानकाप्रमाणे जिवाच्या दृष्टीने महत्त्वाच्या मंडलांत, जसे मार्गदर्शक दिवे किंवा तळाचा पंप, ३ टक्क्यांपेक्षा जास्त दाब वाटेत गळता कामा नये. केबिनमधल्या साध्या दिव्यांसाठी १० टक्के चालतात. आपल्या पंपाला हा नियम लावला तर तार १० चौरस मिलिमीटरची, म्हणजे चौपट जाड घ्यावी लागते. आणि येथेच वाटेचा प्रश्न पुढे येतो. सोयीची म्हणून वळसा घालून जाणारी वाट धरली की लांबी वाढते, लांबी वाढली की जाडी वाढते, आणि जाड तार त्या बेचक्यांतून वळत नाही. म्हणून वाट जवळचीही हवी आणि तार वळेल अशीही हवी. या दोहोंची सांगड घालणे हेच मामांच्या वहीतल्या रेघांचे काम होते.

तारेचे बोटीत चार शत्रू : पाणी, मीठ, हादरा आणि उष्णता. घरातल्या काही वायरिंगमध्ये एकसंध तांब्याची कडक तार असते. इंजिनाच्या हादऱ्यांनी अशी तार एकाच जागी पुनःपुन्हा वाकते आणि एक दिवस आतल्या आत तुटते. म्हणून बोटीत अनेक बारीक धाग्यांची पिळाची तारच वापरतात, आणि चांगल्या कामात प्रत्येक धाग्यावर कथिलाचा मुलामा असतो. मुलामा नसेल तर खारट दमट हवा टोकातून आत शिरते आणि तांबे आवरणाखाली कितीतरी इंच काळे-हिरवे पडते. अशी तार बाहेरून नवी दिसते.

आम्ही केबिनच्या जमिनीच्या फळ्या उचलल्या तेव्हा पंपाच्या जुन्या तारेत एक जोड आढळला. पूर्वी कोणीतरी दोन तारा नुसत्या पिळून वर काळी पट्टी गुंडाळली होती. पट्टी सोडताच आतून हिरवी भुकटी निघाली. मामांनी मीटर लावून दाखवले, त्या एका जोडाचा रोध ०.१ ओहमच्या घरात होता. आकडा क्षुल्लक वाटतो. पण गणित करून पाहा. त्यातून २० अँपिअर वाहिले तर २ व्होल्ट तेथेच अडकतील, आणि प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणले असता ४० वॅट उष्णता त्या बोटभर जागेत निर्माण होईल. आपल्या प्रयोगशाळेतले झाळण्याचे छोटे यंत्र २५ वॅटचे असते, आणि ते शिसे-कथिल वितळवते. येथे तर खाली फायबर, वर लाकूड. सर्वांत वाईट गोष्ट ही की फ्यूज उडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. उलट किंचित कमी झालेला असतो. फ्यूज जास्त प्रवाहापासून तार वाचवतो, वाईट जोडापासून नाही. आमच्या पंपाचा प्रवाह याच्या निम्मा होता, म्हणून त्या जोडाने आग लावली नाही. मात्र त्याने पंपाला वर्षानुवर्षे अर्धपोटी ठेवले होते.

यावरून वाटेचा पहिला नियम निघतो : वाटेत जोड नको. बॅटरीजवळच्या पॅनेलपासून उपकरणापर्यंत तार अखंड जावी. जोड अपरिहार्यच असेल तर तो हात पोचेल आणि डोळ्यांना दिसेल अशा जागी, पट्टीवर, दाबून बसवलेल्या लगसह असावा. केवळ झाळून केलेल्या जोडावर तारेचा भार टाकू नये, कारण झाळलेल्या जागी पिळाची तार पुन्हा एकसंध कडक होते आणि त्या झाळेच्या कडेलाच तुटते.

दुसरा नियम पाण्याचा. बोटीच्या अगदी तळाशी, फळ्यांच्या खाली, झिरपलेले पाणी जेथे साचते त्या जागेला बिल्ज म्हणतात. तार शक्य तितकी उंचावरून, कपाटांच्या मागून न्यायची, आणि बिल्जमध्ये ज्या पंपासाठी जावेच लागते तेथेच वरून खाली सोडायची. उपकरणात शिरण्यापूर्वी तारेला खाली एक लहानसा झोळ द्यायचा, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब झोळाच्या टोकाशी गळून पडतो, यंत्रात जात नाही. कौलारू घरात सुतार पागोळीचा जो विचार करतो, तोच हा.

तिसरा नियम उष्णतेचा. छोट्या नौकांच्या आंतरराष्ट्रीय मानकांत, इंजिनाच्या पाण्याने थंड होणाऱ्या धुराड्यापासून तार किमान ५० मिलिमीटर आणि कोरड्या तापणाऱ्या भागापासून किमान २५० मिलिमीटर दूर हवी असे सांगितले आहे. चौथा नियम आधाराचा. नळीत नसलेली तार दर ४५० मिलिमीटरवर, म्हणजे साधारण हातभर अंतरावर, बांधलेली हवी. न बांधलेली तार लाटेबरोबर झोके घेते आणि जेथे कडेला घासते तेथे तिचे आवरण झिजते. लाकडाच्या किंवा फायबरच्या आडभिंतीतून भोक पाडून तार नेली तर भोकाच्या कडेला रबरी कडे बसवतात. आडभिंत पाणी अडवणारी असेल तर नुसते कडे चालत नाही. पाणीबंद ग्लँडच बसवावी लागते. नाहीतर एका कप्प्यातले पाणी आपण पाडलेल्या भोकातून दुसऱ्यात जायचे. आणखी एक गोष्ट मला नवीन होती. शीतपेटीभोवती थंडावा टिकावा म्हणून थर्माकोल भरलेला असतो. पीव्हीसीचे आवरण असलेली तार थर्माकोलला टेकून राहिली तर आवरणाला मऊ ठेवणारे द्रव्य थर्माकोल शोषून घेतो आणि आवरण कालांतराने कडक होऊन तडकते. म्हणून तेथून वाट काढायचीच नाही.

सुकाणूजवळ आल्यावर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आनंद व्हावा असा एक प्रसंग आला. तेथे चुंबकीय होकायंत्र होते, आणि एक जुनी एकेरी तार त्याच्यापासून एक फुटावरून जात होती. प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असते, हे ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखवले. १० अँपिअरच्या सरळ तारेचे क्षेत्र ३० सेंटिमीटरवर सुमारे ६.७ मायक्रोटेस्ला येते. आपल्या भागात पृथ्वीचे क्षैतिज क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. दोन्ही क्षेत्रे काटकोनात असली तर होकायंत्राची सुई ९ ते १० अंशांनी फिरेल. म्हणजे पंप चालू केला की उत्तर दिशा सरकायची! उपाय सोपा आहे. जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पीळ देऊन न्यावी. दोघींतले प्रवाह विरुद्ध दिशांचे, त्यामुळे त्यांची क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. परीक्षेत पाच गुणांना येणारे हे सूत्र रात्रीच्या समुद्रात खडकाला वळसा घालण्याच्या कामी येते, हे मला पूर्वी कोणी सांगितले नव्हते.

धक्क्याला बोट लागली असताना किनाऱ्यावरून २३० व्होल्टची वीज घेतात. तिच्या तारा बॅटरीच्या तारांबरोबर एका मोळीत बांधू नयेत, वेगळ्या नळीतून न्याव्यात. येथे रंगाचाही घोटाळा होऊ शकतो. आपल्या घरांत काळी तार न्यूट्रलची. पुष्कळ बोटींत बॅटरीची ऋण तारही काळीच. एका काळ्या तारेने वायरमनचा जीव जाऊ शकतो आणि दुसरीने नाही, अशी स्थिती येऊ नये म्हणून मामा बॅटरीच्या ऋण बाजूला पिवळी तार वापरतात. मानकातही पिवळ्या रंगाला मान्यता आहे. शिवाय २३० व्होल्टच्या मंडलावर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा आरसीसीबी हवाच, कारण तेथे माणूस बहुधा ओल्या पायांनी उभा असतो.

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून ती वीज निरुपद्रवी, असा एक गोड गैरसमज आहे. बोटीची मोठी बॅटरी टोकाला टोक भिडले तर हजाराहून अधिक अँपिअर क्षणार्धात देऊ शकते. म्हणून फ्यूज पंपाजवळ नव्हे, तर बॅटरीजवळ असतो. साधारण नियम सात इंचांच्या आत. त्याच्या पलीकडची सगळी तार मग राखणीत राहते. स्वयंचलित पंपाची तार मुख्य स्विचच्या आधीच, स्वतःच्या फ्यूजसह घेतात. मालक स्विच बंद करून घरी जातो, पण पाणी झिरपणे त्याच्याबरोबर घरी जात नाही.

आग म्हटली की बोटीत पळायला जागा नाही. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ नांगरलेल्या 'कन्सेप्शन' नावाच्या बोटीला पहाटेच्या अंधारात आग लागली आणि खालच्या दालनात झोपलेले सर्व ३४ जण दगावले. आगीचा उगम चौकशीअंतीही निश्चित ठरला नाही, तेव्हा तिचा दोष विजेच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. परंतु झोपलेल्या माणसांच्या अवतीभवती, फळीआड जे जे काही आपण ठेवतो, त्याची जबाबदारी केवढी असते हे त्यावरून कळावे.

वाट ठरली की तार ओढणे राहते. एका टोकाकडून कडक जीआय तार सरकवायची, ती पलीकडे निघाली की तिला दोरी, आणि दोरीला खरी तार बांधायची. एकाने ओढायचे, दुसऱ्याने भरवायचे. हिसका द्यायचा नाही. नळीत अडले तर शंखजिऱ्याची पूड, तेल कधीही नाही. माझ्या पलीकडच्या टोकाला कारवारचा एक मुलगा होता. तो कोंकणी आणि कन्नड बोले, मी मराठी, आणि छताच्या अस्तरातून आवाज नीट येत नसे. शेवटी दोरीला एक झटका म्हणजे 'ओढ' आणि दोन म्हणजे 'थांब' असे ठरले. ही भाषा दोघांनाही उत्तम येत होती.

तीच अडचण चिठ्ठ्यांची. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना खूण हवी. जुन्या मोळीत तेरा तारा होत्या, तेराही लाल, आणि त्यांतल्या चार कोठेच जात नव्हत्या. कापून सोडून दिलेल्या. पण त्या चारांपैकी एकीत अजून वीज होती. मामांनी त्या चारही मुळापासून काढून टाकल्या. नव्या तारांवर त्यांनी नावे न लिहिता केवळ आकडे लावले, कारण पुढे ही बोट उघडणारा माणूस मराठी वाचेल, कन्नड, की आणखी काही, हे कोण सांगणार? आकडा सर्वांना कळतो. कोणता आकडा कशाचा, याचा तक्ता आणि तारेच्या वाटेचा नकाशा प्लॅस्टिकमध्ये घालून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूस लावला. मग मेगरने तारांच्या आवरणाची परीक्षा झाली (जीपीएस आणि रेडिओ आधी सोडवून, कारण मेगरचे ५०० व्होल्ट त्यांना सोसत नाहीत), आणि पंप चालू ठेवून त्याच्या टोकांशी दाब मोजला. बॅटरीपाशी १२.५, पंपापाशी १२.२. तीन टक्क्यांच्या आत.

शेवटी नळीत एक नायलॉनची दोरी मोकळीच ठेवली. मी विचारले, ही कशाला? मामा म्हणाले, "पुढच्या माणसाला. त्याला भर समुद्रात, हलत्या बोटीत तार घालायची वेळ आली तर त्याने काय फळ्या फोडायच्या?"

मला वाटते, या साऱ्या खटाटोपाचे मर्म त्या दोरीत आहे. उघड्यावरचे काम लोक पाहतात आणि नावाजतात. फळीआडचे काम पाहणारा एकच, आणि तो बहुधा अनोळखी, घाईत असलेला आणि अडचणीत सापडलेला असतो. त्याच्यासाठी वाट सरळ ठेवणे, जोड दिसेल असा ठेवणे आणि खूण लावणे, यालाच तार टाकणे म्हणतात. वाचकांपैकी कोणाचे घर बांधून होत असेल तर एक करावे : भिंतींना गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक खोलीतल्या नळ्यांची छायाचित्रे घ्यावीत, जमिनीपासूनची अंतरे लिहून ठेवावीत, आणि तो कागद मीटरच्या पेटीत ठेवून द्यावा. खर्च काही नाही. आणि पुढे कधी खिळा ठोकणाऱ्याचा हात वाचेल.